आडावरची ओढणी

काल संध्याकाळी आमच्या गल्लीत धूर मारणारी गाडी येऊन गेली. आधी लांबून तिचा फटफट आवाज येतो, मग घरोघरच्या खिडक्या धडाधड लागतात आणि मग गल्ली पांढरी होऊन जाते. पोरं त्या धुरात मुद्दाम धावतात. मी गॅलरीतून ओरडते, ती ऐकत नाहीत. गौरी-गणपती होऊन गेलेत. पाऊस अजून गेलेला नाही, पण त्याचं आता कामात लक्ष राहिलेलं नाही. दुपारी धुळ्याचं ऊन पाठ भाजून काढतं आणि संध्याकाळी कुठूनसा एखादा ढग येऊन चार थेंब टाकून निघून जातो.

असे दिवस आले की मी कुंड्यांखालच्या ताटल्या पालथ्या करते, मोरीतली बादली उपडी घालते, गच्चीवरच्या टाकीचं झाकण हलवून बघते. सून हसते. म्हणते, "आई, डास येणार ते येणारच."

येणारच, हे खरं. पण कोणते, हा प्रश्न मला पडतो. लोक नुसतं 'डास वाढले' म्हणतात, जसं काही ती एकच जात आहे. पावसाचं पाणी नवं आणि निवळ असतं तेव्हा ॲनॉफिलीसची पाळी असते. ती मादी भिंतीवर बसते तीच मुळी डोकं खाली आणि शेपूट वर करून, नमस्काराला वाकल्यासारखी. हिवताप आणते ती हीच. पाणी जुनं झालं, त्यात पाला कुजला, सांडपाणी मिसळलं की क्युलेक्सचं राज्य सुरू होतं. थंडी सरता सरता गटारांवरून उठून कानाशी गुणगुणतात ते हे. चावतात खूप, पण हिवताप देत नाहीत. एक जात मागे सरते तेव्हा दुसरी तिच्या जागी आलेली असते आणि आपण मात्र एकच मच्छरदाणी लावून सगळ्यांना एकाच नावानं शिव्या देत असतो.

नोकरीभर मी हे मुलांना शिकवलं. फळ्यावर अळ्यांच्या आकृत्या काढल्या. ॲनॉफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली. क्युलेक्सची डोकं खाली करून तिरकी लोंबकळणारी. पण मला स्वतःला हे कळलं ते पुस्तकातून नव्हे. ते कळलं जळगावात, एका पावसाळ्यात, एका जैन मारवाडी घराच्या गच्चीवर.

बाहत्तरचा दुष्काळ सरला होता. पुढच्या जूनमध्ये मला जळगावच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या डेमॉन्स्ट्रेटरची जागा मिळाली. आमचं खेडं नरडाण्याच्या पलीकडे. घरातून एकटीनं बाहेर राहणारी मी पहिलीच मुलगी. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आपल्या ओळखीच्या एका धान्याच्या व्यापाऱ्यांच्या घरी माझी सोय केली. गच्चीवरची एक खोली. खाली मोठं अंगण, अंगणात आड, आडाला लागून चिकूचं झाड. घरात चारच माणसं. व्यापारी स्वतः, ज्यांना सगळे काकासा म्हणत आणि जे दिवसभर दाणाबाजारात असत. त्यांची बायको काकीसा. मुलगा सुरेश. आणि सुरेशची बायको चंदा.

चंदा धुळ्याची. एकोणीस-वीस वर्षांची असेल. सासऱ्यांसमोर तिचा पदर नाकापर्यंत यायचा आणि ते दुकानात गेले की त्या पदरातून एकदम हसू बाहेर पडायचं. मी गेले तेव्हा तिला नुकतेच दिवस गेले होते. जिन्याच्या तळाशी उभी राहून ती विचारायची, "ताई, तुम्हाला खरंच पगार मिळतो? बेडूक कापायचा?"

काकीसा उंच, सडसडीत. बोलणं मारवाडी वळणाचं पण मराठी अस्सल खान्देशी गावातलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. "खोलीत कांदा-लसूण शिजवू नको. आणि सुमनबाई, कोणता जीव मारू नको. एवढंच पाळ, बाकी हे घर तुझंच आहे."

प्राणिशास्त्राच्या मास्तरणीला ही अट! मी मान हलवली.

सकाळी जाग यायची ती आडाच्या रहाटानं. काकीसा स्वतः पाणी काढत. हंड्याच्या तोंडावर दुहेरी, जाड कापडाचं गाळणं बांधून त्यातून पाणी अगदी सावकाश ओतत. सगळं पाणी गाळून झालं की गाळणं हळूच सोडायच्या, ते उलटं धरून त्यावर गाळलेलंच थोडं पाणी ओतायच्या आणि कापडात अडकलेलं जे काही असेल ते एका तांब्यात धुऊन घ्यायच्या. मग तो तांब्या दोरीनं खाली, पाण्याला टेकेपर्यंत सोडून अलगद कलता करायच्या. वरून ओतायचं नाही. आपटून मरतील म्हणून. त्या धुवणाला त्या 'जिवाणी' म्हणत. ज्या पाण्यातला जीव त्याच पाण्यात परत गेला पाहिजे. मी जिन्यावर चहाचा कप घेऊन ते बघत बसायची. आमच्या घरी पाणी गाळायचे ते नारू होऊ नये म्हणून, गाळलेलं काय ते झटकून टाकायचे. इथं एक बाई रोज सकाळी, डोळ्यांना न दिसणाऱ्यांना घरी पोचवत होती.

आमच्या विभागाचे प्रमुख सर मोठे हौशी. दुष्काळानंतर गावभर लोक धास्तावून पाणी साठवत होते. नळाला पाणी आलं की टाक्या, पिंपं, रांजण, काही म्हणून रिकामं ठेवत नव्हते. सर म्हणाले, "यंदा डास बघण्यासारखे असतील. कोणत्या महिन्यात कोणती जात येते ते बघा. आणि जमलं तर दोन जाती एकाच भांड्यात वाढवून बघा." आम्ही मेहरूणच्या तलावावर जायचो. काठाच्या उथळ पाण्यात लांब दांड्याचा डाव बुडवायचा, पांढऱ्या बशीत ओतायचा, आणि डोळे ताणून बघायचं. तलावाकाठच्या बोरींना तेव्हा नुसताच पाला होता. बोरांना अजून अवकाश होता.

श्रावणात मी गच्चीवर मातीची चार परळं मांडली. दोनांत फक्त ॲनॉफिलीसच्या अळ्या, एकात फक्त क्युलेक्सच्या आणि एकात दोन्ही मिसळून. वर मलमलीचा तुकडा, त्याला घट्ट दोरी, म्हणजे डास झाला तरी उडून जाता कामा नये. खायला चिमूटभर यीस्ट.

दोघी मिसळलेल्या त्या परळाशी मी तासन् तास बसे. पुस्तकात 'स्पर्धा' म्हटलं होतं म्हणून मला वाटत होतं काही झटापट दिसेल. काहीच दिसलं नाही. कोणी कोणाला ढकललं नाही, चावलं नाही. क्युलेक्सच्या अळ्या फक्त भराभर खात होत्या आणि भराभर वाढत होत्या. ॲनॉफिलीसच्या वाट्याला उरेल ते पातळ पाणी येत होतं. त्या काटकुळ्या राहिल्या, मागे पडल्या, एकेक करून तळाशी गेल्या. किती शांतपणे हरतं कुणी! आम्ही पाच भावंडं. एकाच ताटलीत जेवताना थोरला दादा कधी हिसकावून घ्यायचा नाही, तो फक्त पटकन जेवायचा. हे मला तिथं, परळापाशी बसून आठवलं.

काकीसा एकदा वाळवण घालायला वर आल्या आणि परळांपाशी थबकल्या.

"काय करून राहिली तू?"

मला वाटलं, आता खोली सोडावी लागणार. मी खरं तेच सांगितलं. डासांची पिल्लं आहेत, दोन जातींची. कोण टिकतं ते बघते आहे.

त्या उकिडव्या बसल्या. मलमलीतून वाकून बराच वेळ बघत राहिल्या. "ह्या आडव्या पडलेल्या फार वाळल्या गं."

"त्या मागे पडतात. दुसऱ्या सगळं खाऊन टाकतात."

"मग तू त्यांना वेगळं का नाही जेवू घालत?"

"मग कोण टिकतं ते कसं कळणार?"

त्या माझ्याकडे बघत उठल्या आणि वाळवण घालू लागल्या. त्या दिवसापासून त्या रोज वर येऊ लागल्या. वाळवणाचं निमित्त संपलं तरी. आणि माझ्या प्रयोगात चमत्कार झाला. मरायला टेकलेल्या ॲनॉफिलीसच्या अळ्या सुधारल्या. जाडजूड झाल्या, कोष करू लागल्या. मी सरांना सांगितलं, सरांनी चष्मा काढून पुसला. आम्ही दोघांनी पाण्याचं तापमान, ऊन, सावली, सगळ्यांवर डोकं चालवलं. एका सकाळी मी लवकर बाहेर आले तर काकीसा मलमलीवर वाकलेल्या. चिमटीत ज्वारीचं पीठ. कापडाच्या विणीतून ते भुरभुर पाण्यावर पडत होतं, साईसारखं तरंगत होतं. पृष्ठभागावर तोंड लावून खाणाऱ्या ॲनॉफिलीसलाच ते आयतं मिळत होतं.

"काकीसा!"

त्या दचकल्या नाहीत. "तुझी परीक्षा तुझ्यापाशी. माझ्या घरात कुणी उपाशी राहायचं नाही."

मी हसत सुटले. चंदाला खाली ऐकू गेलं, तीही काही न कळता हसली. आज वाटतं, त्या पावसाळ्यातला सगळ्यात सुखाचा क्षण तो असावा.

पोळ्याला मी घरी गेले. नरडाण्याला गाडीतून उतरून पुढे बैलगाडी. वाटेत दोन्हीकडे कपाशी कमरेएवढी. सईसांजेला मायनं गोठ्यात लिंबाच्या पाल्याचा धूर केला. ती अहिराणीशिवाय बोलायची नाही. मी कॉलेजात काय करते हे आबांनी सांगितलं तेव्हा ती धुरातून डोळे पुसत म्हणाली, "आम्ही आठे धूर करी करी थकनूत, आनि तू मच्छर पाळस?"

मी म्हटलं, माय, आता हिवताप गेला. सरकारनं फवारे मारले, गावोगाव रक्त तपासलं. आता कुठंतरी एखादाच निघतो.

"गया म्हनतस. तो कोठे जाई? आठेच कोठे बठेल व्हई." इथंच कुठं बसला असेल, असं म्हणून ती बैलाकडे वळली. बैलाच्या शिंगाचा रंग नखानं खरवडत राहिली. "तुन्हा आगोदर मन्ही एक आंडेर व्हती. हिवतापमा गयी."

माझ्याआधी तिला एक मुलगी झाली होती, हे मला त्या दिवशी कळलं. नाव विचारायचा मला धीर झाला नाही.

भाद्रपदात पर्युषण आलं, गेलं. आश्विन लागला. ऑक्टोबरचं ऊन, आणि आडाचं पाणी वरपर्यंत, आरशासारखं. नवरात्राच्या सुमारास चंदाला ताप आला. दुपारची ती भांडी पुसत होती, मध्येच म्हणाली, "थंडी वाजते," आणि बघता बघता दातावर दात आपटू लागले. गोधड्यांवर गोधड्या घातल्या तरी पलंग हलत होता. मग भट्टीसारखा ताप, मग घाम आणि मग ती एकदम ठीक, नुसती पांढरीफटक. काकीसांना वाटलं, उतरला. दुसऱ्या दिवशी काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा थंडी.

डॉक्टर आले, त्यांनी पोट तपासलं, पाचवा महिना म्हणाले, जपायला हवं म्हणाले. रक्त घेतलं, पण ते तपासून यायला वेळ लागणार होता. मी त्यांच्याकडे एक जादा काच मागितली. चंदाच्या बोटातला थेंब त्या काचेवर पसरून घेतला आणि तडक कॉलेज गाठलं. रंग दिला, धुतली, वाळवली. सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी विखुरलेल्या दिसल्या, एकमेकींना धरून, वेगळ्या होऊन. आणि एका पेशीच्या आत निळी अंगठी. अंगठीवर लाल खडा. अगदी पुस्तकात असतो तसा. इतका सुबक की क्षणभर मला आनंद झाला. मग मी सरांना हाक मारली. सरांनी बघितलं आणि म्हणाले, "आधी डॉक्टरांकडे जा. धावत जा."

गोळ्या मिळाल्या तेव्हा सूर्य बुडायला आला होता. घरी पोचेपर्यंत बुडाला. कडू गोळ्या आणि पाण्याचा पेला घेऊन मी चंदाच्या उशाशी गेले तर तिनं मान फिरवली. चातुर्मासाचं तिचं व्रत होतं. सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंब नाही. "सकाळी घेईन ताई," ती म्हणाली. ओठ तापानं फुटलेले. सुरेश दारात उभा. 

काकीसांनी पेला माझ्या हातातून घेतला. पलंगावर बसल्या, चंदाचं डोकं मांडीवर घेतलं.

"व्रत तू घेतलं," त्या म्हणाल्या. "पोटातल्यानं नाही घेतलं. त्याला पाणी पाज."

चंदानं आ केला. गोळी उलटून पडली. काकीसांनी तिचं तोंड पुसलं, थोडं थांबल्या, दुसरी दिली. ती राहिली.

मी बाहेर अंगणात आले. मागून सुरेश आला. स्वभावानं तो वाईट नव्हता, पण घाबरला होता. खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, तुमच्या त्या गच्चीवरच्या भांड्यांतले तर नाहीत ना हे?"

मला उत्तर माहीत होतं. ते द्यायला मी वळले. मागे दारात काकीसा उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गच्चीवर आल्या. परळं रिकामी होती, मी ती दसऱ्याच्या सुट्टीआधीच आवरली होती. त्या पालथ्या परळांशेजारी बसल्या.

"त्या आडव्या, वाळलेल्या. ताप देतात त्या त्याच ना?"

"हो. त्याच जातीच्या."

"मी त्यांना पीठ घातलं."

त्यांचा आवाज इतका सपाट होता की मला तो सहन होईना. मी त्यांचा हात धरला. "काकीसा, त्यांतला एकही उडाला नाही. वर मलमल होती. मी एकेक मोजून कॉलेजात नेला."

"आणि तिथं?"

 त्यांना मोकळं करायचं तर ते सांगायलाच हवं होतं. "तिथं स्पिरिटच्या बाटलीत घातले."

खाली रहाट थांबलेला होता. चिकूवर एक भोरडी उगीच ओरडत होती.

"म्हणजे माझ्या पिठानं कुणाला ताप नाही आला."

"नाही."

"आणि कुणी वाचलंही नाही."

 त्यांनी हात सोडवून घेतला नाही, एवढंच मला आठवतं. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "मग हे आले कुठून?"

आम्ही दोघी खाली उतरलो. मी माझी पांढरी बशी घेतली. काकीसांनी पाणी काढलं, नेहमीसारखं गाळलं, गाळणं उलटं करून धुतलं. ते धुवण मी बशीत घेतलं आणि उन्हात धरलं. आधी काही दिसेना. मग पाणी स्थिर झालं आणि पृष्ठभागाला चिकटून आडव्या पडलेल्या बारीक काड्या दिसल्या. एक हलली. मग दुसरी.

काकीसांनी त्या ओळखल्या. गच्चीवर रोज बघितल्या होत्या.

मी घाईनं म्हणाले, "तुम्ही परत सोडता म्हणून नाही हे. आडात त्या आहेतच. कापडात येतात त्या चार, खाली शेकडो असतील."

"असतील," त्या म्हणाल्या. बशी त्यांनी माझ्याकडून घेतली. दोन्ही हातांत धरून, पाणी हिंदकळू न देता, त्या आडाच्या काठावर बसून राहिल्या. घरात चंदा कण्हत होती. त्या बशीतलं पाणी अंगणात फेकून देणं म्हणजे मनगटाच्या एका झटक्याचं काम. आमच्या मायनं ते कधीच फेकलं असतं, आणि योग्यच केलं असतं. मी वाट बघत होते. त्यांनी शेवटी बशी तांब्यात ओतली, तांब्या दोरीला लावला आणि पाण्यापर्यंत खाली सोडला.

मग उठल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या परळावर होतं तसं कापड आडावर घालता येईल?"

दुपारी त्यांनी पेटी उघडली. त्यांच्या लग्नातल्या, आईच्या, सासूच्या मलमलीच्या ओढण्या. केशरी, पिवळ्या, काही धुऊन धुऊन रंग गेलेल्या. त्या जोडून शिवल्या. सुरेशनं बांबूच्या कामट्यांचं मोठं कडं केलं, त्यावर ती कापडं ताणून बांधली, पोहरा जाईल एवढी एक झडप ठेवली. माझ्याशी तो बोलला नाही, पण कडं आडावर बसवताना म्हणाला, "ताई, तिकडून जरा धरा," आणि मी धरलं.

काकीसांनी मला बाजूला घेतलं. "आत ज्या आहेत त्यांना पंख फुटतील. मग?"

"वर येतील. कापडाखाली अडकतील." मी खोटं बोलू शकले नाही. "फार दिवस नाही जगणार."

त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आयंबिल धरलं. दिवसातून एकदाच जेवायचं, तेही तेल-तूप, मीठ-मिरची, गूळ, काही नाही. नुसतं उकडलेलं धान्य. काकासांनी विचारलं, आता कसलं व्रत? त्या म्हणाल्या, "असंच."

सकाळच्या उन्हात ओढण्यांच्या आतून नवे डास बसलेले दिसायचे. करडे, बारीक, उलटे लटकलेले. काकीसा झडप उघडताना आधी कापडाला हलकेच फुंकर घालायच्या, ते खाली जायचे, मग पोहरा सोडायच्या. दिवसागणिक ते कमी होत गेले. मी रोज संध्याकाळी घरातल्या भिंतींवर, पलंगाखाली, देव्हाऱ्यामागे कंदील घेऊन शोधायची. मान खाली घालून बसलेलं कुणी दिसेनासं झालं. एक दिवस मी काकीसांच्या ताटाशेजारी पाट मांडला आणि म्हटलं, मलाही तेच वाढा. त्यांनी बिनमिठाचा भात वाढला. आम्ही दोघी जेवलो. तो घशाखाली उतरायला किती वेळ लागतो, हे मला ठाऊक नव्हतं.

चंदाचा ताप उतरला. दिवाळीत एकदा उलटून आला, पुन्हा गोळ्या, पुन्हा ती पांढरीफटक. धुळ्याहून तिचे वडील तिला पहिल्या बाळंतपणाला न्यायला आले, पण डॉक्टर म्हणाले, प्रवास नको. ते रिकाम्या हातानं परत गेले. जाताना अंगणात उभे राहून आडावरच्या त्या रंगीत छताकडे बघत राहिले. काय आहे ते त्यांना कुणी सांगितलं नाही.

मग थंडी पडली. मेहरूणची बोरं बाजारात आली, भरताची वांगी आली. गावात हिवताप पुष्कळ जणांना निघाला, पुढच्या वर्षांत तर फारच. माय म्हणाली होती ते खरं ठरलं. तो कुठंच गेला नव्हता. डासांच्या वाटण्या मी तेव्हाही करत होते, अजूनही करते. पण एका जातीनं दुसरीला हरवलं, हे वाक्य फळ्यावर लिहिताना माझा खडू दर वर्षी क्षणभर अडायचा. मुलांना वाटायचं, बाई विसरल्या.

पौष सरता सरता चंदाला मुलगी झाली. वजनानं कमी, पण रडणं सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. काकासा त्या दिवशी दुकानात गेले नाहीत. एवढाच त्यांनी केलेला गाजावाजा.

फाल्गुनात गटारांवरचे क्युलेक्स उठले. काळे ढग असावेत तसे संध्याकाळी डोक्यावर घिरट्या घालायचे. मच्छरदाणीत मुलगी, मच्छरदाणीबाहेर काकीसा पंखा घेऊन. वार्षिक परीक्षा झाल्या, माझी धुळ्याला बदली ठरली. सुट्टीत आकृत्या पुऱ्या करायच्या म्हणून मी सरांची परवानगी घेऊन सूक्ष्मदर्शक घरी आणला आणि गच्चीवरच्या खोलीत खिडकीशी मांडला.

चंदा पहिल्यांदाच जिना चढून वर आली. बाळंतपणानंतर ती थोडी भरली होती. कडेवर मुलगी, मागे काकीसा. "ताई, मला दाखवा. तुम्ही सगळ्यांना दाखवता म्हणे."

मी काचेच्या वाटीत गटारातल्या पाण्याचे थेंब घेतले होते. भिंगाखाली सरकवले, नीट केलं, बाजूला झाले. मुलीला काकीसांनी घेतलं. चंदा वाकली. कोणता डोळा मिटायचा हे तिला आधी जमेना, मग तिनं तळहातानं एक झाकून घेतला.

अळी जिवंत होती. भिंगाखाली ती केवढी तरी मोठी दिसते. काचेसारखं अंग, आतून वाहणारं काहीतरी, छातीशी केसांचे झुपके. ती स्वस्थ पडून राहते आणि मग एकदम अंगाला झोका देऊन वळते, पुन्हा स्वस्थ.

"दिसली?" मी विचारलं.

 मला वाटलं, तिला किळस आली असावी. मुलगी कुरकुरायला लागली, काकीसा तिला थोपटू लागल्या. चंदानं डोळा काढला नाही. तिचा दुसरा हात, मोकळा होता तो, हळूच पदराखाली पोटापाशी गेला.

"ताई," ती म्हणाली, "ही पोटात असताना अश्शीच हलायची."